पात्रतेची अट आणि प्रत्यक्ष काम

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आजच्या भाषणाला ‘नोकरीसाठी योग्य पात्रता’ असा विषय दिला आहे. वरवर पाहता हा रोजगार मार्गदर्शन केंद्रातल्या फलकावर शोभणारा विषय वाटेल, आणि येथे जमलेल्यांपैकी काहींच्या मनात अशी शंका आलीही असेल की चळवळीच्या कार्यकर्त्यांना याचे काय? वस्तुतः श्रमिकांच्या चळवळीला याहून जवळचे प्रश्न फार थोडे आहेत. अमुक कामाला कोण पात्र आणि कोण अपात्र, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्याच हाती त्या कामाचे वेतन असते, कामाची प्रतिष्ठा असते आणि पुष्कळदा पुढच्या पिढीची वाटही असते. म्हणून हा अधिकार कोणी, कसा आणि कोणाविरुद्ध वापरला, याचा थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांपासून आरंभ करू. गिरणीत कताईच्या मानाने विणकाम खात्यातली मजुरी चांगली होती. विणकराला धोट्यातली बॉबिन संपली की नवी बॉबिन बसवून तिचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. तो धोटा पुढे दुसऱ्याच्या हाती आणि दुसऱ्याच्या तोंडाशी जाई. एवढ्या एका गोष्टीवरून अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना विणकाम खात्याचे दार बंद राहिले. गिरणीच्या कोणत्याही नियमपुस्तकात तशी अट लिहिलेली असण्याची गरज नव्हती. महार कामगाराला माग चालवता येत नाही, असेही कोणी सिद्ध केले नव्हते. त्याला मागापाशी उभेच राहू दिले नाही, मग येते की नाही हे कळणार कसे? १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत प्रवेश मिळण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यावी असा आग्रह धरला. पुढाऱ्यांनी ती घेतली, पण नाखुशीने. मालकांनी हात झटकले, कारण या अन्यायाची जबाबदारी त्यांना आपली वाटत नव्हती. आणि त्यात तथ्यही होते, कारण हा मज्जाव टिकवून धरणारे पुष्कळसे लोक कामगारच होते. आपल्या चळवळीच्या इतिहासातले हे पान चिकटवून टाकण्यात काही अर्थ नाही.

त्यानंतर दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे डॉ. आंबेडकरांनी जेथे सांगितले तीच ही परिषद. ते वाक्य सर्वांना ठाऊक असते. त्याच भाषणातला तपशील मात्र फारसा कोणी वाचत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन होऊ शकतो, पोर्टर होऊ शकत नाही, याचे कारण त्यांनी सांगितले आहे. पोर्टरला रिवाजाप्रमाणे स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागे आणि घरात तर अस्पृश्य चालणार नाही! म्हणजे पोर्टरच्या कामाची खरी पात्रता ही की स्टेशनमास्तरच्या घरात त्याचा वावर चालला पाहिजे. कारकुनाच्या जागांचीही तीच कथा. मॅट्रिक न झालेले इतर जातींचे लोक कारकून म्हणून चालत, आणि मॅट्रिक झालेला अस्पृश्य मुलगा मात्र बाहेर उभा असे. पात्रतेची फूटपट्टी अशी माणूस पाहून लांब-आखूड होत होती.

यावर कोणी म्हणेल, हा उघड जातिभेदाचा काळ होता. आता लेखी अटी असतात, परीक्षा असतात, गुणपत्रिका असतात, त्यांना जात दिसत नाही. हा युक्तिवाद तपासण्यासाठी अमेरिकेतील एका खटल्याकडे वळू. नॉर्थ कॅरोलिना राज्यात ड्रेपर येथे ड्यूक पॉवर कंपनीचे वीजनिर्मिती केंद्र होते. तेथे पाच विभाग होते. काळ्या कामगारांना त्यांपैकी केवळ मजूर विभागातच घेत आणि त्या विभागातील सर्वांत वरची मजुरी इतर चार विभागांतील सर्वांत खालच्या मजुरीपेक्षाही कमी असे. १९५५ साली कंपनीने मजूर विभागाखेरीज अन्यत्र कामाला लागण्यासाठी शालान्त प्रमाणपत्राची अट घातली. पुढे नागरी हक्कांचा कायदा झाला आणि २ जुलै १९६५ रोजी त्यातील नोकऱ्यांविषयीचा भाग अंमलात आला. त्याच दिवसापासून कंपनीने नव्या उमेदवारांसाठी त्या प्रमाणपत्राच्या जोडीला दोन लेखी चाचण्याही आवश्यक केल्या. तारीख लक्षात घ्या. ज्या दिवशी रंग पाहून माणूस नाकारणे बेकायदा झाले, त्या दिवशी कागद पाहून नाकारण्याची व्यवस्था तयार होती. त्या राज्यात १९६० च्या शिरगणतीनुसार शालान्त शिक्षण पुरे केलेल्या गोऱ्या पुरुषांचे प्रमाण ३४ टक्के, तर काळ्या पुरुषांचे १२ टक्के होते.

मजूर विभागातील तेरा काळ्या कामगारांनी दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ८ मार्च १९७१ रोजी न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कंपनीचा हेतू दुष्ट होता की शुद्ध, या वादात न्यायालय अडकून पडले नाही. त्याने विचारले ते एवढेच, की या प्रमाणपत्राचा आणि या चाचण्यांचा प्रत्यक्ष कामाशी संबंध काय? तो संबंध कंपनीने कधी तपासलाच नव्हता. उलट, प्रमाणपत्राची अट येण्यापूर्वी लागलेले, शाळा पुरी न केलेले गोरे कामगार त्याच विभागांत वर्षानुवर्षे समाधानकारक काम करीत होते आणि बढत्याही मिळवीत होते. मग ही अट कोणत्या कामासाठी होती? चाचणी घ्यायची तर ती त्या कामासाठी माणूस कसा आहे याची घ्यावी, माणूस एरवी किती हुशार आहे याची नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेत या निकालाची धार पुष्कळ बोथट करण्यात आली, ही गोष्ट वेगळी.

माझ्या विषयात, म्हणजे अर्थशास्त्रात, या प्रश्नाची दोन उत्तरे प्रचलित आहेत. गॅरी बेकर यांच्या १९६४ च्या ग्रंथापासून शिक्षण ही माणसात केलेली गुंतवणूक मानली जाऊ लागली. शिकलेला अधिक उत्पादन करतो म्हणून अधिक वेतन मिळवतो, असे हे गणित. १९७३ साली मायकेल स्पेन्स यांनी ते उलटे करून पाहिले. त्यांचे म्हणणे असे, की शिक्षणाने उत्पादकता तिळमात्र वाढली नाही असे क्षणभर गृहीत धरले तरीही पदवीला बाजारात किंमत येऊ शकते. कारण मालकाला उमेदवाराच्या अंगचे गुण दिसत नाहीत आणि पदवी ही त्या गुणांची खूण म्हणून तो स्वीकारतो. मला स्वतःला दोन्ही सिद्धांत अपुरे वाटतात. दोन्हींत मालकाला कामाचे स्वरूप चांगले ठाऊक असते असे गृहीत आहे. निवड समित्यांवर मी पुष्कळ बसलो आहे. ज्या जागेसाठी मुलाखती चालू आहेत त्या जागेवर माणसाने सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमके काय करायचे आहे, हे टेबलाच्या आतल्या बाजूला बसलेल्यांपैकी एकालाही सांगता आले नसते, असे प्रसंग थोडे नव्हते.

आपल्या देशात तर पदवीची ही खूणही आता पुसट झाली आहे. २०१५ साली उत्तर प्रदेश सचिवालयातील शिपायांच्या ३६८ जागांसाठी २३ लाखांहून अधिक अर्ज आले. अट होती पाचवी उत्तीर्ण असण्याची आणि सायकल चालवता येण्याची. अर्जदारांत लाखाहून अधिक पदवीधर होते आणि पीएच.डी. झालेले २५५ होते. याच्या उलट टोकाची गोष्ट २०२० सालची. एका राष्ट्रीयीकृत बँकेने शिपायाच्या जागेसाठी उमेदवार बारावी असावा, परंतु पदवीधर नसावा, अशी अट घातली होती. ओडिशातील एका तरुणाने आपली पदवी लपवून ती नोकरी मिळवली. पदवी उघड होताच नोकरी गेली. उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये तो फिरवला. माहिती दडवली हा दोष न्यायालयाने धरला आणि ती अट घालण्याचा बँकेचा अधिकारही मान्य केला. पदवीधरांची गर्दी शिपायाच्या जागांवर झाली तर बारावी झालेल्या गरिबाने कोठे जावे, हा बँकेच्या बाजूचा विचार अगदीच टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्या देशात तरुणाला आपली पदवी चोरीच्या मालासारखी लपवावी लागते, तेथे बेकारीचे कारण ‘कौशल्यांचा अभाव’ हे आहे असे जे रोज सांगितले जाते, त्याचा एकदा निकाल लावला पाहिजे. जागा थोड्या आणि उमेदवार अफाट, अशी स्थिती असली की मालकाला चाळण बारीक करण्याखेरीज काही करावे लागत नाही. काल जेथे दहावी चालत होती तेथे आज पदवी लागते, उद्या आणखी काही लागेल. मधल्या काळात काम तसूभरही अवघड झालेले नसते. रोनाल्ड डोअर यांनी १९७६ साली याला पदव्यांचा रोग म्हटले. ब्रिटन, जपान, श्रीलंका आणि केनिया या देशांचा अभ्यास करून त्यांनी दाखविले की औद्योगिकीकरण जेथे उशिरा येते तेथे हा रोग अधिक जोराचा असतो.

आता आपल्यातील काही उत्साही मित्र लगेच म्हणतील, तर मग पात्रता-बित्रता हे सारे थोतांडच! येथे मला त्यांना थांबवावे लागेल. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने तेव्हा अस्तित्वात असलेल्या कोणत्याही धंद्यात शिरण्यापूर्वी सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. ॲडम स्मिथने १७७६ साली त्याची यथेच्छ टिंगल केली. बग्गी बनविणाऱ्याने स्वतःच्या बग्गीची चाके बनवायची नाहीत, कारण चाकाचा धंदा जुना आणि त्याची उमेदवारी वेगळी. पण चाके बनविणाऱ्याने मात्र खुशाल अख्खी बग्गी बनवावी, कारण कायदा झाला तेव्हा इंग्लंडात बग्गीचा धंदाच नव्हता! स्मिथची टीका बिनतोड आहे. परंतु १८१४ साली उमेदवारीची ही कलमे रद्द होऊ लागली तेव्हा ती टिकावीत म्हणून हजारो कारागिरांनी अर्ज केले, आणि ती रद्द व्हावीत म्हणून पुढे सरसावले ते कारखानदार. कारागीर काही मूर्ख नव्हते. उमेदवारीची अट गेली की यंत्रापुढे कोणालाही, कितीही कमी मजुरीवर उभे करता येईल, हे त्यांना दिसत होते. पात्रतेची अट ही कधी गरिबाच्या तोंडावर लावलेले दार असते, तर कधी त्याच्याच मजुरीभोवतीचे कुंपण असते. प्रत्येक वेळी ती कोणत्या बाजूने उभी आहे ते पाहिल्याशिवाय घोषणा देऊ नयेत.

शिवाय, जेथे पात्रतेची खरोखर गरज आहे तेथे ती मागितलीच जात नाही, हा आपल्याकडचा आणखी एक प्रकार. गटारात माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने जवळजवळ बंद करण्यात आले आहे. अपवादात्मक परिस्थितीतही संरक्षक साधनांवाचून उतरविता येत नाही. तरीही माणसे उतरतात आणि मरतात. मृताच्या कुटुंबाला द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख रुपये ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली. बंद गटारातील विषारी वायू, त्यांची चाचणी, वर दोर धरून उभ्या असलेल्याने काय करायचे, ही सारी शिकण्याची आणि शिकविण्याची गोष्ट आहे. अग्निशमन दलाचा जवान हेच करतो तेव्हा त्याला प्रशिक्षण असते, गणवेश असतो, पद असते. सफाई कामगार करतो तेव्हा त्याच्यापाशी असतात त्या दोनच गोष्टी, जात आणि निकड. आणि मजुरीच्या तक्त्यात त्याची नोंद? अकुशल!

हा ‘अकुशल’ शब्द आपण फार सहजपणे स्वीकारला आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली जे दर निघत आले, त्यांत अकुशल, अर्धकुशल, कुशल अशी उतरंड असते. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला, त्यातही शिपायापासून अभियंत्यापर्यंत माणसांची अशीच वर्गवारी होती. तरुणांच्या संतापामुळे तो निर्णय ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला, परंतु वर्गवारीची ती पद्धत काही गेली नाही. ऊसतोडणी कामगार कोयत्याच्या एका घावात ऊस जमिनीलगत तोडतो, वाढे छाटतो, मोळी बांधतो आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतो. तो अकुशल कोणत्या अर्थाने? एवढ्याच, की त्याचे कौशल्य कोणत्याही शाळेने प्रमाणित केलेले नाही आणि त्याची जागा घ्यायला दुसरा भुकेला तयार आहे.

पात्रता ही माणसाच्या अंगी जन्मजात असते किंवा नसते, या समजुतीला आपल्याच राज्यात फार सुंदर उत्तर मिळालेले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा प्रयोग केला. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना त्यांनी निवडले. बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि वेळ पडल्यास जंतुनाशकाचे इंजेक्शन देणे, हे त्यांना शिकवले. दहावीसुद्धा न झालेल्या बाईने तान्ह्या बाळाला सुई टोचायची, ही कल्पना शहरी वैद्यकाला किती अघोरी वाटली असेल! निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या गावांत हे काम झाले नव्हते त्यांच्याशी तुलना करता, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी पूर्वी १६.६ टक्के दगावत, ते प्रमाण २.८ टक्क्यांवर आले.

या प्रयोगातून ‘शिक्षणाची गरज नाही’ असा अर्थ काढणारे मला भेटले आहेत. त्यांनी तो नीट वाचलेला नाही. तेथे पात्रतेची कसोटी सैल केलेली नव्हती, उलट फार कडक होती. काम नेमके कोणते हे आधी ठरविण्यात आले, त्याचे टप्पे पाडले, प्रत्येक टप्पा शिकवला, प्रत्यक्ष करून घेतला, नोंदी ठेवल्या आणि वरचेवर तपासणी केली. ढिली केली ती एकच अट, प्रमाणपत्राची. आणि घट्ट धरली ती कामाची. पुढे २०११ पासून सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर उचलली. मात्र उचलताना शासनाने एक चलाखी केली. बाळ वाचविण्यास ही बाई पात्र आहे, पण नियमित वेतनास पात्र नाही. ती ‘स्वयंसेविका’, तिला मिळतो तो ‘मोबदला’. आशांच्या मोर्चात आपण जेव्हा उभे राहतो तेव्हा मागणी नुसत्या पैशांची नसते, हे आपल्यालाही पुरते उमगलेले नसते असे मला कधी कधी वाटते.

प्राध्यापकांविषयी थोडे बोलतो. फार बोललो तर जातभाईंची कड घेतली असे होईल. महाविद्यालयात शिकविण्यासाठी नेट परीक्षेची अट १९९१ पासून आहे. २०१८ च्या नियमांनी सांगितले की जुलै २०२१ पासून विद्यापीठीय विभागांत थेट भरतीसाठी पीएच.डी. अनिवार्य राहील. मग ती तारीख जुलै २०२३ वर गेली आणि ती तारीख आली तेव्हा अनिवार्यताच गेली. दरम्यान किती तरुणांनी केवळ या अटीच्या धाकाने कसेबसे प्रबंध पुरे केले आणि त्या प्रबंधांचे काय झाले, हा हिशेब कोणी मांडणार नाही. दुसरीकडे, नेट झालेला, पीएच.डी. झालेला माणूस तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवीत राहतो. वर्गात उभे राहण्यास तो पूर्ण पात्र. वेतनाच्या दिवशी त्याची पात्रता तासांवर मोजली जाते. समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये स्पष्ट सांगितले. आणि कायम जागा निघालीच तर काही संस्थाचालक ‘देणगी’ नावाची जी अंतिम पात्रता तपासतात, ती कोणत्याही जाहिरातीत छापलेली नसते.

राहिला गुणवत्तेचा आणि राखीव जागांचा प्रश्न. चहाच्या वेळी एका तरुण मित्राने मला विचारले की राखीव जागांमुळे अपात्र माणसे येतात, या आक्षेपाला गावात काय उत्तर द्यावे? मी म्हणेन, आधी ‘अपात्र’ शब्दाचा अर्थ विचारा. किमान अर्हता पूर्ण केलेला माणूस अपात्र नसतो. तो गुणानुक्रमात मागे असतो, आणि गुणानुक्रम परीक्षेच्या त्या तीन तासांचा असतो. घरात अभ्यासाची खोली, शिकवणीची फी, इंग्रजी बोलणारे आईवडील हे सारे त्या तीन तासांत उतरलेले असते. जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच मान्य केले, की स्पर्धा परीक्षेतील गुण हे उमेदवाराच्या सामाजिक आणि आर्थिक सोयींपासून अलग काढता येत नाहीत. ‘गुणवत्ताशाही’ हा शब्द रूढ करणारे मायकेल यंग ब्रिटिश मजूर पक्षाचे कार्यकर्ते होते. १९५८ चे त्यांचे पुस्तक हे अशा राज्याची स्तुती करणारे नसून त्यावरील उपरोध होता. पुढे त्यांच्याच पक्षाचे पंतप्रधान तो शब्द आदर्श म्हणून मिरवू लागले आणि म्हाताऱ्या यंग यांना २००१ साली वर्तमानपत्रात लेख लिहून आवरा म्हणावे लागले.

एक सावधगिरी मात्र सांगतो. राखीव जागेवर आलेल्या माणसाला कामाचे शिक्षण न देता खुर्चीत बसवून ठेवायचे आणि मग तो अडखळला की बोट दाखवायचे, हा कार्यालयांतला जुना खेळ आहे. त्यावर आपला आग्रह प्रशिक्षणाचा असला पाहिजे, आणि तो सर्वांसाठी असला पाहिजे. वशिल्याने आलेल्यालाही कामाचे काही येत नसते. फक्त त्याचे अज्ञान कोणी मोजत नाही.

तेव्हा भाषण पुरे करून एक काम सांगतो. आपापल्या तालुक्यातील नगरपालिका, साखर कारखाना, पतसंस्था, रुग्णालय आणि कंत्राटदार यांच्या गेल्या वर्षभरातील भरतीच्या जाहिराती गोळा करा. कागदाच्या डाव्या बाजूला मागितलेली अर्हता लिहा. उजव्या बाजूला त्या जागेवरचा माणूस दिवसभर प्रत्यक्ष काय करतो ते लिहा. हे त्याच्याकडूनच समजून घ्या, त्याच्या साहेबाकडून नको. त्याचे वेतन, तो कायम आहे की कंत्राटी, आणि काम त्याला कोणी शिकवले हेही खाली नोंदवा. साखर कारखान्याचे कागद गळीत हंगाम चालू असतानाच करावे लागतील, नंतर माणसे भेटणार नाहीत. पुढच्या वर्गात त्या कागदांवरच बोलू.